नसबंदीनंतरचे शुक्राणू आणि पुन्हा अपत्यप्राप्ती : काळाचे गणित

कुटुंबकल्याणाच्या कायम स्वरूपाच्या उपायांमध्ये पुरुष नसबंदी ही सर्वांत सुटसुटीत शस्त्रक्रिया मानली जाते. ती दहा-पंधरा मिनिटांत पार पडते, पूर्ण भूल द्यावी लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जातो. असे असूनही २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील आकडे विचार करावयास लावणारे आहेत. देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतः कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. ज्यांच्या पतीने नसबंदी करून घेतली, अशा स्त्रियांचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. म्हणजे जी शस्त्रक्रिया अधिक सोपी, तिच्याकडेच पाठ फिरविली जाते आणि पोट उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेचा भार स्त्रीवर पडतो.

या उदासीनतेची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतील एक प्रमुख कारण अज्ञान हे आहे. नसबंदीनंतर पुरुषाच्या शरीरात नेमके काय घडते, याची स्पष्ट कल्पना पुष्कळ सुशिक्षितांनाही नसते. गावात तीन प्रश्न वारंवार विचारले जातात. शरीरात तयार होणारे शुक्राणू नसबंदीनंतर जातात कोठे? शस्त्रक्रिया होऊनही एखाद्या स्त्रीला दिवस जातात, ते कसे? आणि दुर्दैवाने मूल दगावले किंवा दुसरा विवाह करण्याची वेळ आली, तर पुन्हा अपत्य होऊ शकते काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच सूत्रात गुंफलेली आहेत. ते सूत्र म्हणजे काळ. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने आणि त्यानंतर उलटणारी वर्षे यांचे गणित समजले म्हणजे बरेचसे गैरसमज आपोआप दूर होतात.

शरीराची रचना

शुक्राणूंची निर्मिती वृषणांत होते. शरीराच्या आतील तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी तापमान या कार्यास मानवते. म्हणूनच निसर्गाने वृषणांची योजना पोटाच्या पोकळीबाहेर केलेली आहे. एका शुक्राणूची वाढ पूर्ण होण्यास सुमारे ७२ ते ७४ दिवस लागतात. वृषणातून बाहेर पडलेला शुक्राणू दिसण्यात पूर्ण असला, तरी त्याला चांगले पोहता येत नाही आणि स्त्रीबीज फलित करण्याची क्षमताही त्याच्यात आलेली नसते. ही परिपक्वता त्याला अधिवृषणात येते. वृषणाच्या मागील बाजूस चिकटलेला हा अवयव बोटभर दिसतो. परंतु वेटोळे घातलेली त्याची बारीक नळी उलगडली, तर ती सुमारे सहा मीटर लांब भरते. या नळीतून पुढे सरकत असताना शुक्राणूंना गती प्राप्त होते आणि अधिवृषणाच्या शेवटच्या भागात ते साठून राहतात.

तेथून पुढे शुक्रवाहिनी सुरू होते. ही नळी बोटांनी चाचपडली असता जाड दोऱ्यासारखी हाताला लागते. उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा या दोन नळ्या वर चढून मूत्राशयाच्या मागे जातात. तेथे शुक्राशय आणि पुरःस्थ ग्रंथी यांचे स्राव त्यांत मिसळतात व वीर्य तयार होते. वीर्याचा फार मोठा भाग या दोन ग्रंथींच्या स्रावांचा असतो. शुक्राणूंचा वाटा त्यात अगदी अल्प असतो.

नसबंदीत केवळ या दोन शुक्रवाहिन्या कापून बांधल्या जातात. वृषणाला, त्याच्या रक्तवाहिन्यांना अथवा शिश्नाला हात लावला जात नाही. चीनमधील डॉ. ली शुनकियांग यांनी १९७४ मध्ये विकसित केलेल्या बिनटाका पद्धतीत तर चाकूने छेद घेण्याचीही गरज उरली नाही. कातडीला एक सूक्ष्म छिद्र पाडून त्यातूनच दोन्ही नळ्या बाहेर काढल्या जातात आणि टाका घालावा लागत नाही. भारतात ही पद्धत १९९० नंतरच्या दशकात रूढ झाली.

पहिले तीन महिने

नसबंदी ज्या दिवशी होते, त्या दिवसापासून पुरुष वंध्य होतो, ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे अनेक संसारांत अकारण कलह निर्माण झाले आहेत. नळी जेथे कापली जाते, त्याच्या पुढच्या भागात आधीच पोहोचलेले शुक्राणू शिल्लक असतात. पाटाचे दार बंद केले, तरी दारापलीकडे साचलेले पाणी काही वेळ वाहतच राहते, तसाच हा प्रकार आहे. हे शिल्लक शुक्राणू पुढील काही आठवड्यांत हळूहळू बाहेर पडतात आणि तोवर गर्भ राहण्याची शक्यता असते.

याच कारणासाठी शस्त्रक्रियेनंतर किमान तीन महिने निरोध वापरावा किंवा पत्नीने दुसरे साधन वापरावे, असा नियम आहे. तीन महिन्यांनंतर वीर्यतपासणी करावयाची असते. तपासणीत एकही शुक्राणू आढळला नाही, म्हणजेच शस्त्रक्रिया यशस्वी ठरली, असे समजले जाते आणि त्यानंतरच तसे प्रमाणपत्र दिले जाते. शस्त्रक्रियेचा दिवस हा या कामाचा आरंभ होय. वीर्यतपासणीचा दिवस हा त्याचा शेवट होय. प्रत्यक्षात मात्र टाक्याचा त्रास नाही, दुखणे नाही, म्हणून अनेक जण तपासणीसाठी फिरकतच नाहीत.

तपासणीत शुक्राणू नाहीत असे दिसल्यानंतरही क्वचित नळीची कापलेली टोके आपोआप जुळून येतात. असे सुमारे दोन हजारांत एकदा घडते. याखेरीज फारच थोड्या वेळा शस्त्रक्रियेत एखादी नळी बांधावयाची राहून जाते. तीन महिन्यांच्या तपासणीत ती चूक उघड होते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध शिवराम या स्त्री नसबंदीच्या प्रकरणात, शस्त्रक्रिया अयशस्वी झाली एवढ्यावरूनच डॉक्टरचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही, असे स्पष्ट केले आहे. कारण कोणतीही पद्धत शंभर टक्के निर्दोष नाही. सार्वजनिक आरोग्यसेवेमार्फत झालेली शस्त्रक्रिया अयशस्वी ठरल्यास शासनाच्या नुकसानभरपाई योजनेखाली ठरावीक मुदतीत अर्ज करता येतो.

येथे एका नाजूक परंतु महत्त्वाच्या बाबीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. पतीची नसबंदी झाली असताना पत्नीस दिवस गेले, तर घरच्यांचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा संशय प्रथम तिच्या चारित्र्यावर जातो. प्रकरण कधी गावकीसमोर येते, कधी माहेरी पाठविण्यापर्यंत मजल जाते. अशा वेळी शहाणपणाचा मार्ग एकच : पतीची वीर्यतपासणी त्वरित करावी. तीत शुक्राणू आढळले, तर प्रश्न तेथेच मिटतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत गर्भ राहिला असेल, तर पुढे केलेल्या तपासणीत शुक्राणू न आढळले तरी त्यावरून पत्नीला दोष देता येत नाही. कारण गर्भधारणेच्या वेळी शिल्लक शुक्राणू हजर असू शकतात. शरीरशास्त्राची एवढी माहिती गावातील चार जबाबदार माणसांना असली, तर एखाद्या निरपराध स्त्रीचा संसार मोडण्यापासून वाचू शकतो.

अडलेल्या शुक्राणूंचे काय होते?

नळी बंद झाली म्हणून वृषण आपले काम थांबवीत नाही. शुक्राणूंची निर्मिती चालूच राहते. मात्र त्यांना बाहेर पडण्यास वाट नसल्याने ते अधिवृषणात अडतात, तेथेच जीर्ण होतात आणि शरीरातील भक्षक पेशी त्यांचे विघटन करून ते शोषून घेतात. शुक्राणू रक्तात भिनून विष पसरते अथवा ते डोक्यात चढतात, या समजुतींना काहीही आधार नाही. शरीरात रोज कोट्यवधी रक्तपेशी जीर्ण होऊन नाश पावतात, त्याचप्रमाणे याही पेशींचा निचरा होतो. काही पुरुषांत कापलेल्या टोकापाशी शुक्राणू झिरपून वाटाण्याएवढी गाठ येते. ती सामान्यतः निरुपद्रवी असते. दुखू लागल्यास तेवढी डॉक्टरांना दाखवावी.

प्रकृतीच्या दृष्टीने हे सर्व निर्वेध असले, तरी पुन्हा अपत्य हवे झाल्यास या अडवणुकीचे परिणाम महत्त्वाचे ठरतात. ते मुख्यतः चार प्रकारचे आहेत.

पहिला परिणाम दाबाचा. वर्षानुवर्षे कोंडलेल्या द्रवाचा दाब अधिवृषणाच्या नाजूक नळीवर पडतो. कालांतराने ती एखाद्या ठिकाणी फुटते आणि तेथे व्रण धरून दुसरा अडथळा तयार होतो. मग शुक्रवाहिनी पुन्हा जोडली तरी अलीकडचा अडथळा कायमच राहतो.

दुसरा परिणाम शरीराच्या प्रतिकारशक्तीचा. शुक्राणू वयात आल्यावर तयार होऊ लागतात. त्यामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना परके समजते. एरवी वृषणातील एक पडदा या दोहोंना एकमेकांपासून दूर ठेवतो. नसबंदीनंतर शुक्राणूंचे अंश रक्तात मिसळतात आणि निम्म्याहून अधिक पुरुषांच्या रक्तात शुक्राणूविरोधी प्रतिपिंडे तयार होतात. यांचा प्रकृतीवर दुष्परिणाम होत नाही. परंतु पुढे नळी जोडल्यावर ती शुक्राणूंना चिकटून त्यांचे पुंजके करू शकतात, त्यांची गती मंदावू शकतात आणि स्त्रीबीजाशी होणाऱ्या मीलनात अडथळा आणू शकतात. प्रतिपिंडे असूनही अनेक जोडप्यांना मुले होतात, हेही तितकेच खरे.

तिसरा परिणाम वृषणाच्या ऊतीवरचा. अमेरिकेतील संशोधकांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नसबंदी झालेल्या पुरुषांच्या वृषणांची सूक्ष्मदर्शकाखाली तुलनात्मक पाहणी करण्यात आली. काही पुरुषांत शुक्रनलिकांच्या मधल्या भागात तंतुमय ऊतक वाढलेले दिसले आणि ज्यांच्यात ही वाढ अधिक होती, त्यांना नळी जोडल्यानंतरही अपत्यप्राप्ती कमी प्रमाणात झाली.

चौथा परिणाम शुक्राणूंच्या अंतर्भागातील आनुवंशिक द्रव्यावर, म्हणजे डीएनएवर होतो. दीर्घकाळ अडकून पडलेल्या शुक्राणूंतील डीएनएचे धागे तुटण्याचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. असे प्रमाण फार असल्यास गर्भपाताची शक्यता वाढते. अधिवृषणात साचून राहिलेल्या शुक्राणूंपेक्षा थेट वृषणातून घेतलेल्या शुक्राणूंत ही हानी सामान्यतः कमी आढळते, कारण ते नव्याने तयार झालेले असतात.

पुरुषत्वाविषयीचे भ्रम

शुक्राणूंना बसणारा हा फटका आणि पुरुषाची शक्ती यांचा काही संबंध नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पुरुषत्वाची लक्षणे ज्या संप्रेरकावर अवलंबून असतात, ते टेस्टोस्टेरॉन वृषणातून थेट रक्तात मिसळते. त्याला शुक्रवाहिनीची आवश्यकता नसते. म्हणून नसबंदीनंतर आवाज, दाढीमिशा, कामेच्छा आणि संभोगक्षमता यांत फरक पडत नाही. वीर्यातील शुक्राणूंचा वाटा मुळातच अत्यल्प असल्याने त्याचे प्रमाणही पूर्वीइतकेच राहते. अवजड काम साधारणपणे दोन दिवस टाळावे. आठवडाभरात नांगर धरण्यास किंवा सायकल चालविण्यास हरकत नसते.

गंमत अशी की, एके काळी याच्या नेमका उलट भ्रम युरोपात प्रचलित होता. व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ ऑयगेन श्टाइनाख यांनी शुक्रवाहिनी बांधल्यास तारुण्य परत येते, असा सिद्धान्त मांडला होता. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये आणि आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी १९३४ मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतली होती. पुढे हा सिद्धान्त टिकला नाही. नसबंदीने तारुण्य येत नाही आणि जातही नाही.

नळी पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया

नसबंदी झालेल्या पुरुषाला पुन्हा अपत्य हवे असल्यास दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग म्हणजे कापलेली शुक्रवाहिनी पुन्हा जोडणे. ही शस्त्रक्रिया नसबंदीइतकी सोपी नाही. शुक्रवाहिनीचा आतील मार्ग अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने, दोन्ही टोके नेमकी समोरासमोर आणून शिवावी लागतात. हे कौशल्य १९७० नंतरच्या दशकात विकसित झाले. अधिवृषणात दुसरा अडथळा निर्माण झाला असेल, तर शुक्रवाहिनी थेट अधिवृषणाच्या नळीला जोडावी लागते. हे काम त्याहूनही कठीण असते आणि त्यात यशाचे प्रमाण कमी असते.

या शस्त्रक्रियेत यश कितपत मिळते, याचे सर्वांत परिचित उत्तर अमेरिकेतील काही केंद्रांनी एकत्रितपणे केलेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळते. त्यात १,४६९ पुरुषांची माहिती गोळा केलेली होती. पहिल्यांदाच नळी जोडून घेणाऱ्यांपैकी, ज्यांची नसबंदी होऊन तीन वर्षेही झालेली नव्हती, अशांमध्ये ९७ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू परत आले आणि ७६ टक्के जोडप्यांत गर्भधारणा झाली. तीन ते आठ वर्षे उलटलेल्यांत हे प्रमाण अनुक्रमे ८८ आणि ५३ टक्के होते. नऊ ते चौदा वर्षे उलटलेल्यांत ७९ आणि ४४ टक्के होते. पंधरा वर्षे किंवा अधिक काळ लोटलेल्यांत ७१ टक्क्यांच्या वीर्यात शुक्राणू आले. पण गर्भधारणा केवळ ३० टक्के जोडप्यांत झाली.

या आकड्यांतून दोन बोध मिळतात. जितकी वर्षे उलटतात, तितकी यशाची शक्यता घटते, हा पहिला बोध. शुक्राणू परत येणे आणि मूल होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा दुसरा. वाट मोकळी झाली तरी वर वर्णन केलेले चार परिणाम मागे राहतात, म्हणूनच या दोन आकड्यांतील अंतर वर्षागणिक रुंदावत जाते. शिवाय हे आकडे निष्णात शल्यचिकित्सकांच्या हातचे आहेत, याचेही भान ठेवावयास हवे.

प्रयोगशाळेच्या साहाय्याने गर्भधारणा

दुसरा मार्ग प्रयोगशाळेतील गर्भधारणेचा. इंग्लंडमध्ये जुलै १९७८ मध्ये जगातील पहिले परीक्षानळी-बालक जन्मास आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिल्या अशा बालिकेचा जन्म झाला. मात्र त्यांच्या हयातीत या कार्याची उपेक्षाच झाली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी ऑगस्ट १९८६ मध्ये अशा बालकाचा जन्म झाला आणि महाराष्ट्राला या क्षेत्रात मानाचे स्थान मिळाले.

नसबंदी झालेल्या पुरुषांच्या दृष्टीने मात्र खरी क्रांती १९९२ मध्ये झाली. बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे एकच शुक्राणू बारीक सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडवून आणण्यात यश आले. इक्सी या नावाने ही पद्धत ओळखली जाते. नसबंदी झालेल्या पुरुषाच्या अधिवृषणातून किंवा वृषणातून सुईने अथवा लहानशा छेदाद्वारे शुक्राणू काढता येतात. ते संख्येने थोडे आणि गतीने मंद असतात. स्वतःच्या बळावर ते स्त्रीबीजापर्यंत पोहोचू शकत नाहीत. इक्सीमध्ये त्यांना पोहण्याची आणि स्त्रीबीजाचे आवरण भेदण्याची गरजच राहत नाही. शुक्राणूविरोधी प्रतिपिंडांचा अडथळाही या पद्धतीत फारसा जाणवत नाही.

येथे निसर्गाचा एक विलक्षण प्रकार आढळतो. सामान्य पुरुषाच्या अधिवृषणात सर्वांत चांगले पोहणारे शुक्राणू शेवटच्या भागात असतात. नसबंदीनंतर हे चित्र उलटते. शेवटच्या भागात जुने, मृत शुक्राणू साचतात आणि हालचाल करणारे ताजे शुक्राणू वृषणाजवळच्या भागात मिळतात. म्हणून डॉक्टर सुई तेथेच घालतात किंवा थेट वृषणातून शुक्राणू घेतात.

नसबंदी होऊन किती वर्षे झाली, याचा इक्सीच्या यशावर परिणाम होतो काय, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. काही अभ्यासांत दीर्घ काळ उलटलेल्या पुरुषांमध्ये गर्भधारणेचे प्रमाण घटलेले दिसले. काहींत तसा फरक आढळला नाही. एवढे निश्चित की, उलटलेल्या वर्षांचा जितका परिणाम नळी जोडण्याच्या शस्त्रक्रियेवर होतो, तितका इक्सीवर होत नाही. अशा रीतीने काढलेल्या शुक्राणूंपासून जन्मलेल्या मुलांत, वीर्यातील शुक्राणू वापरून इक्सीने जन्मलेल्या मुलांपेक्षा अधिक व्यंगे असतात, असे आतापर्यंतच्या अभ्यासांतून दिसून आलेले नाही.

इक्सीचा भार मात्र पत्नीवर पडतो. पतीची नळी बंद असली तरी संप्रेरकांची इंजेक्शने तिला घ्यावी लागतात, स्त्रीबीजे तिच्या शरीरातून काढली जातात आणि एका आवर्तनात यश न आल्यास हे सर्व तिला पुन्हा सोसावे लागते. खर्चही मोठा असतो. याउलट नळी जोडण्याच्या शस्त्रक्रियेत भार पतीवर असतो आणि ती यशस्वी झाल्यास एकाहून अधिक अपत्ये नैसर्गिकपणे होऊ शकतात. परंतु शुक्राणू परत येण्यास काही महिने आणि गर्भ राहण्यास अनेकदा वर्ष-दीड वर्ष वाट पाहावी लागते.

पत्नीचे वय

कोणताही मार्ग स्वीकारला, तरी यशापयश ठरविणारी सर्वांत मोठी बाब पत्नीचे वय हीच असते. पुरुषाच्या वृषणात शुक्राणू उतारवयापर्यंत तयार होतात. स्त्रीची बीजे मात्र जन्मतःच ठरलेली असतात आणि वयानुसार त्यांची संख्या व गुणवत्ता घटत जाते. पस्तिशीनंतर ही घट स्पष्ट होते आणि चाळिशीनंतर ती झपाट्याने वाढते. इक्सी ही पद्धत शुक्राणूची उणीव भरून काढू शकते. स्त्रीबीजाचे वय ती मागे नेऊ शकत नाही.

समजा, नसबंदीच्या वेळी पती ३२ वर्षांचा आणि पत्नी २८ वर्षांची होती. दहा वर्षांनी काही दुर्दैवी कारणाने त्यांना पुन्हा मूल हवेसे झाले. पती आता ४२ वर्षांचा आणि पत्नी ३८ वर्षांची आहे. नळी जोडल्यास यशाची शक्यता दहा वर्षांच्या अडवणुकीने आधीच घटलेली. त्यात वाट पाहण्यात आणखी दीड-दोन वर्षे गेली, तर पत्नी चाळिशीत पोहोचते. अशा जोडप्याने निर्णय लवकर घ्यावयास हवा आणि प्रथम पत्नीची तपासणी करून घ्यावयास हवी. पत्नी तरुण असेल व नसबंदी होऊन फार वर्षे झालेली नसतील, तर नळी जोडणे सामान्यतः श्रेयस्कर; पत्नीचे वय अधिक असेल किंवा तिच्या गर्भनलिका बंद असतील, तर इक्सीचा विचार करावा, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण कल आहे. सहाय्यक जननतंत्रज्ञान नियमन कायदा, २०२१ नुसार अशी सेवा स्त्रीला वयाच्या ५० वर्षांपर्यंत आणि पुरुषाला ५५ वर्षांपर्यंतच देता येते, हेही लक्षात ठेवावे.

निर्णय घेण्यापूर्वी

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष सरळ आहे. नसबंदी ही कायमची शस्त्रक्रिया समजूनच करून घ्यावी. परतीची वाट आहे. पण ती अरुंद, खर्चिक आणि अनिश्चित आहे, व दरवर्षी ती अधिक अरुंद होत जाते. ‘पुढे हवे तेव्हा नळी जोडून घेता येईल’ असे सांगून एखाद्याला शस्त्रक्रियेस तयार करणे, ही त्याची दिशाभूल होय.

या संदर्भात इतिहासाचाही विसर पडता कामा नये. मुंबईत १९२१ मध्ये र. धों. कर्वे यांनी संततिनियमन केंद्र सुरू केले, तेव्हा जोडप्यांनी समजून उमजून घेतलेला निर्णय हाच त्या विचाराचा पाया होता. आणीबाणीच्या काळात हा पाया ढासळला. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. उद्दिष्टपूर्तीसाठी अनेक ठिकाणी सक्ती झाली. अविवाहित आणि निपुत्रिकही त्यातून सुटले नाहीत. पुरुष नसबंदीविषयी जनमानसात जी भीती बसली, तिची छाया आजही दूर झालेली नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये देविका बिस्वास प्रकरणात नसबंदी शिबिरांची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे आणि व्यक्तीच्या स्वेच्छेचा आदर राखण्याचे निर्देश दिले.

आजच्या नियमांनुसार शस्त्रक्रियेपूर्वी समुपदेशन आणि लेखी संमती अनिवार्य आहे. जोडप्याला किमान एक अपत्य असावे आणि त्याचे वय एक वर्षाहून अधिक असावे, अशी अपेक्षा आहे. कायद्याने जोडीदाराची संमती आवश्यक नसली, तरी पतिपत्नींनी मिळून विचार करणे केव्हाही हिताचे. ज्यांच्या मनात शंका आहे, ज्यांचे मूल अगदी लहान आहे किंवा ज्यांच्या संसारात तणाव आहे, त्यांनी तूर्त तात्पुरते साधन वापरणे शहाणपणाचे ठरेल. गोठविलेल्या शुक्राणूंपासून गर्भधारणा होऊ शकते, हे १९५३ मध्येच सिद्ध झाले आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी शुक्राणू गोठवून ठेवण्याची सोय मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. तथापि, ज्याला तशी गरज वाटते, त्याने नसबंदी आत्ताच करावी काय, याचाच प्रथम विचार करावा.

गावपातळीवरील जबाबदारी

शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि विविध खात्यांचे कर्मचारी यांच्या शब्दाला गावात वजन असते. पुरुष नसबंदीच्या बाबतीत त्यांच्याकडून मोठ्या भाषणांची अपेक्षा नाही. चार गोष्टी योग्य वेळी सांगितल्या तरी पुरे आहे. नसबंदीने ताकद जात नाही. तीन महिने निरोध वापरावा आणि वीर्यतपासणी केल्याशिवाय निर्धास्त होऊ नये. त्या मुदतीत किंवा नंतर दिवस गेल्यास स्त्रीवर संशय घेण्यापूर्वी पतीची तपासणी करावी. आणि पुन्हा मूल हवे असेल, तर अंगारे-धुपारे व जाहिरातबाज औषधे यांत वर्षे न दवडता जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे दोघांनीही जावे.

सक्तीने मिळविलेले आकडे टिकत नाहीत, हा धडा देशाने एकदा मोठी किंमत देऊन घेतला आहे. पूर्ण माहिती मिळालेला एक पुरुष स्वेच्छेने पुढे आला, तर त्याच्या पत्नीच्या पोटावरचा एक छेद टळतो आणि त्याच्या अनुभवावरून आणखी दोघांची भीती जाते. अशी माहिती देताना परतीच्या वाटेतील अडचणी लपविण्याचे कारण नाही. खरे सांगणाऱ्या माणसावर गाव विश्वास ठेवते, आणि या कार्यात तोच विश्वास सर्वांत मोलाचा आहे.